जांभळामागची कोकिळा

पालथ्या कपाच्या बुडाला जे वळं असतं त्यात पाणी साचलं होतं — एवढंसं, चिमणीची चोच भिजेल न भिजेल इतकं — आणि ते थरथरत होतं. आधी थरथरणं दिसलं, मग डोक्यावरून जाणाऱ्या विमानाची घरघर ऐकू आली, ती सहारच्या बाजूला उतरत गेली आणि पाणी पुन्हा थांबलं. कान तुटलेला हा कप जयवंतचा. दुसऱ्या कपातला चहाही तो पितो, पण तळाशी घोटभर ठेवतो. या कपातला संपवतो. हे त्याने कधी सांगितलेलं नाही, वनमालाला आपलं कळलेलं आहे. नवऱ्याविषयी तिला जे काही ठाऊक आहे ते सगळं असंच, कळलेलं. सांगितलेलं त्यात जवळजवळ काहीच नाही, आणि कालपर्यंत त्याचं तिला काही वाटतही नव्हतं.

तिने मागचं दार उघडलं. बाहेर काळोखच होता, पण वरच्या बाजूने तो जरा पातळ झाला होता आणि त्यात जांभळाचा शेंडा वेगळा दिसू लागला होता. जोगेश्वरीच्या या बैठ्या चाळीतली शेवटची खोली त्यांची, म्हणून मागची ही पट्टी त्यांच्या वाट्याला आलेली — कपडे धुवायचा दगड, अळूचं आळं, एक शेवगा, आणि कुंपणाच्या भिंतीला खेटून ते जुनं जांभूळ. माघ होता. रथसप्तमी काल झाली. गारवा अजून होता, पण तो आता अंगाला झोंबत नव्हता, आणि शेवग्याच्या फुलांचा कच्चा, हिरवट वास खाली उतरला होता. स्टोव्हवर पाणी ठेवून ती उंबऱ्यावर बसली आणि कान देऊन ऐकू लागली.

आधी दयाळ. तो शेंड्यावर बसून शीळ घालत होता, कोणी ऐकतंय का याची फिकीर न करता, लांबलचक, मध्येच आधीचं विसरून भलतंच काही सुरू करत. मग साळुंक्यांची भांडणं, मग शेवग्यात बुलबुल, मग पलीकडच्या तबेल्याच्या पत्र्यावर कावळे. तांबट ऊन पडल्याशिवाय ठोका धरायचा नाही. हे सगळे तिच्या ओळखीचे होते, कोणाची पाळी कधी लागते ते तिला पाठ होतं. पण आज ती यांच्यापैकी कोणासाठीही बसली नव्हती. तिला कोकीळ हवा होता. माघाच्या या दिवसांत तो वर्षातलं पहिलं ओरडतो — आधी अर्धंच, घसा साफ केल्यासारखं, आणि मग दोनचार दिवसांनी पुरं. दर वर्षी ती त्याची वाट बघते, पण ती आपली अशीच, हातातलं काम करता करता. आज मात्र तो ओरडायलाच हवा होता. नाही ओरडला तर... तर धाकट्या दिराचा, भिकाजीचा, कालचा आवाज कानातून जाणार नाही. तोच राहील. कायमचा तोच राहिला तर मी काय करू?

काल धाकट्या जावेकडे, मुलुंडला, हळदीकुंकू होतं. कुंदा मनाने वाईट नाही. तिला माणसं हसलेली आवडतात, आणि माणसं हसत असली की आपण काय बोलतोय याचं तिला भान राहत नाही, एवढंच. बायकांच्या हातांना अत्तर लावता लावता ती एकदम म्हणाली, "वहिनी, तुमचं ते कोकिळाव्रत आठवतं का?" आणि वनमाला काही बोलायच्या आत बाकीच्यांकडे वळून सांगायलाच लागली.

"आमच्या सासूबाई काय कडक होत्या, विचारू नका! कोकिळा ऐकल्याशिवाय सुनेने पाणीसुद्धा प्यायचं नाही. आणि भर पावसात कुठली आलीय कोकिळा? मग आमचे हे जांभळामागे उभे राहून कू करायचे. मी नसतो तर वहिनी उपाशीच गेली असती, म्हणतात!"

बायका हसल्या. आतल्या खोलीतून भिकाजी शर्टाची बटणं लावत बाहेर आला. "काय वहिनी, ओळखता का बघा," म्हणाला, आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन त्याने कू केलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, चढवत चढवत. झकास, झकास असं कोणीतरी म्हणालं. वनमालाही हसली, कारण न हसणं बरं दिसलं नसतं. वाण म्हणून मिळालेलं गाळणं मात्र तिने इतकं आवळून धरलं होतं की त्याची जाळी तळव्यावर उमटली.

— त्या वर्षी अधिक आषाढ आला होता. लग्न नवंच होतं. सासूबाई सावंतवाडीकडून आल्या त्या व्रत घेऊनच आल्या. ज्या वर्षी आषाढ अधिक येतो त्या वर्षी करायचं, आषाढी पौर्णिमेपासून श्रावणी पौर्णिमेपर्यंत. पहाटे आंघोळ करायची, तिळाच्या कुटाची कोकिळा करून तिची पूजा करायची आणि खऱ्या कोकिळेचा आवाज येईपर्यंत थांबायचं. हे सगळं नवऱ्याच्या आयुष्यासाठी. "कोकिळा बोलल्याशिवाय तोंडात पाण्याचो थेंबसुद्धा घालूचो नाय," सासूबाईंनी बजावलं होतं. "नाय बोलली तर दिसभर उपास. घोवाच्या जिवाचो प्रश्न आसा, सांगान ठेवतंय." पहिले काही दिवस कोकिळा बोलली. मग झड लागली. कावळेसुद्धा पंख मिटून बसले, मग बाकीच्यांचं काय? एक दिवस गेला, दुसरा गेला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नळावर हंडा उचलताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. हंडा जयवंतने उचलला. तिच्याकडे जरा वेळ बघितलं, आणि हंडा घेऊन पुढे गेला.

तो तेव्हाही बोलत नसे. परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होता. तिथे साच्यांची, म्हणजे कापड विणायच्या मागांची, अशी धडधड चालते म्हणे की कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून साचेवाले आवाज काढतच नाहीत; नुसते ओठ हलवतात आणि एकमेकांची तोंडं वाचतात. लग्नानंतर त्याने तिला आपणहून काही सांगितलं असेल तर ते एवढंच. ती हसली होती, आणि त्याने लगेच, तिने करून दाखव न म्हणताच, ओठांनी काहीतरी बोलून दाखवलं होतं. काय बोलला ते तिला कळलं नाही. काय बोललात, असं तिने दोनदा विचारलं, तर म्हणाला, काय नाय.

आणि मग तिसऱ्या दिवशी, काळोखात, पाऊस पत्र्यावर ओतत असताना, जांभळाच्या बाजूने कू आलं.

तो पक्षी नव्हता. हे तिला ऐकल्या क्षणीच कळलं. आवाज घोगरा होता, दबका, एकीला ऐकू जावा आणि दुसरीला शंका येऊ नये अशा बेताने काढलेला, आणि शेवटी जरासा फाटलेला, जसा भर पावसात थंडीने काकडलेल्या माणसाचा फाटेल. सासूबाई आतून ओरडल्या, "बोलली गो बाय! घे आता कायतरी तोंडात." तिने गुळाचा खडा तोंडात टाकला आणि ती चुलीकडे तोंड करून बसून राहिली, कारण तिला रडू आलं होतं. थोड्या वेळाने जयवंत पुढच्या दाराने आत आला. पहिली पाळी होती, डबा घेऊन निघायचं होतं. खांदे भिजलेले. आणि शर्टाला मागून, खांद्याच्या जरा खाली, जांभळाचं पान चिकटलेलं... तिने ते काढलं नाही. काढलं असतं तर काहीतरी बोलावं लागलं असतं. तो तसाच, पाठीला पान घेऊन, गिरणीत गेला.

त्यानंतर रोज. आणि मग महिन्याच्या मध्यावर पाळी बदलली, रात्रपाळी लागली, तशी कोकिळेचीही वेळ बदलली. पहाट गेली, उजाडलं, सासूबाई माळ ओढत म्हणाल्या, आज काय बोलणा नाय ती. आणि रात्रपाळी सुटून घरी पोचायची वेळ झाली तेव्हा जांभळामागून कू आलं, आणि पाठोपाठ पुढच्या दारात चपला वाजल्या. कोकिळेला कधी पाळ्या असतात का? त्या दिवशी तिला एवढं हसू आलं, एवढं सुख झालं की भाताचा घास घशाखाली उतरेना. सगळ्या जोगेश्वरीत, सगळ्या मुंबईत, आपल्या बायकोने जेवावं म्हणून पावसात झाडामागे उभा राहणारा हा एकच नवरा असेल असं तिला वाटलं होतं. आणि तो माझा होता.

विचारलं का नाही? कसं विचारणार... तुम्हीच ना, असं विचारलं असतं आणि तो हो म्हणाला असता तर व्रत तिथेच मोडलं असतं. कोकिळा खोटी आहे हे ठाऊक नसेल तोवरच ती खरी. ठाऊक झाल्यावर खाल्लेला प्रत्येक घास त्याच्या आयुष्यातून वजा. म्हणून तिने स्वतःलाही ते कधी उघड सांगितलं नाही. नुसतं कळू दिलं. व्रत संपल्यावर विचारता आलं असतं, पण मग सवयच लागली न विचारायची. आणि खरं सांगायचं तर गरजही नव्हती. मुलीच्या, वसुधाच्या, जन्माच्या वेळी दवाखान्यात तो कोपऱ्यात नुसता उभा राहिला, तेव्हा, आणि गिरण्यांच्या संपात घरात बसून महिनोन् महिने भिंतीकडे बघत होता, तेव्हा, आणि तिने नवं लुगडं नेसलं तरी ज्याची मान वर झाली नाही त्या कितीतरी सणांना — ती मनातल्या मनात त्या जांभळाकडे जायची. तिथे तो उभा असायचा, भिजत. एवढ्या एका आवाजावर मी संसार केला. दुसऱ्या बायकांना काय काय असतं, मला तो आवाज होता आणि तो पुरला.

स्टोव्हवर पाणी उकळायला लागलं. ती उठली नाही.

काल बसमध्ये, पवईच्या चढावर, तिला ते सुचलं होतं, इतकं साधं की आजवर कसं सुचलं नाही याचीच लाज वाटावी. तेव्हा भिकाजी त्यांच्याकडेच राहायचा. जयवंतनेच त्याला आपल्या खात्यात बदली कामगार म्हणून चिकटवला होता. एकच गिरणी, एकच पाळी. दोघे बरोबर जायचे, बरोबर यायचे. जयवंतची पाळी बदलली तेव्हा भिकाजीचीही बदलली असणारच. आणि पान? नळाकडे जायची वाट जांभळाखालूनच जाते. त्या पावसात कोणाच्या पाठीला पान चिकटलं नसेल? भिकाजीच्याही चिकटलं असेल. त्याच्या पाठीकडे मी कशाला बघतेय! आता आठवायला गेलं की पुढच्या दारात चपलांचे दोन जोड वाजतात. आधी कोणाचा, मागाहून कोणाचा... दोघांचे केस भिजलेले. छत्री एकच.

भिकाजी फेकतो, हे सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. समुद्रात मासा पकडला तर तो पहिल्यांदा सांगताना वीतभर असतो आणि गणपतीपर्यंत हातभर होतो. ही गोष्टही त्याने अशीच वाढवली असेल. झाडामागे कोणी उभं असायचं हे त्यालाही दिसलं असेल, आणि भाऊ काही बोलत नाही म्हटल्यावर... पण तो खरं सांगत असला तर? तर मग ती इतकी वर्षं एका चांगल्या, खुशालचेंडू दिराच्या खोडीवर जीव लावून बसली होती, आणि जयवंत त्या वेळी आत निवांत मिशरी लावत होता. तेवढंही चालेल. ते नसतं चालत असं नाही, माणूस काय कशावरही जगतो. पण मग संपातल्या त्या दिवसांत मी कोणाकडे जात होते?

आणि सगळ्यात वाईट हे की तो जुना आवाज आता सापडत नव्हता. रात्रभर तिने तो आठवायचा प्रयत्न केला. घोगरा होता, शेवटी फाटायचा — हे शब्द होते, पण आवाज नव्हता. आठवायला गेलं की भिकाजी यायचा, दोन्ही हात तोंडाशी नेऊन, पाठीमागे बायकांचं हसणं घेऊन. दुसऱ्याच्या किल्लीने पेटी उघडावी आणि आत आपलं काहीच नसावं तसं झालं होतं. म्हणून खरा कोकीळ हवा होता. त्याच्या आवाजाने भिकाजी पुसला गेला तर खाली कदाचित दुसरा मिळेल.

मागचं फाटक वाजलं. जयवंत आला.

संपानंतर गिरणीने परत घेतलं नाही; आता तो अंधेरीला, एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर रात्रीचा वॉचमन आहे. त्याला नीट ऐकू येत नाही हे तिथे कोणाला माहीत नाही. कान त्याचे साच्यांनीच नेले, हळूहळू. आधी बारीक आवाज गेले — वसुधाच्या पैंजणांचा, शिट्टीचा, पाखरांचा — मग माणसांचे. पण तोंड समोर असलं की त्याला सगळं कळतं. बोलणाऱ्याकडे तो असा टक लावून बघतो की साहेबांना वाटतं, केवढा आज्ञाधारक माणूस. काळोख असला किंवा पाठ फिरली की संपलं. आणि त्यानेही ते कधी मान्य केलेलं नाही. चाळीत कोणी म्हटलं तर म्हणतो, ऐकू येता माका, तुमीच हळू बोलतास.

तो नेहमीसारखा धुण्याच्या दगडावर बसला, घराकडे पाठ करून, आणि मफलर सोडू लागला. तिने आत जाऊन चहा टाकला, कप सुलटा केला. वळ्यातलं ते पाणी सांडून गेलं. वसुधा कूस बदलून झोपेतच काहीतरी पुटपुटली. चहा घेऊन ती परत दारात आली आणि त्याच्या पाठीमागे उभी राहिली.

ही एक गंमत तिला अलीकडे लागली होती, म्हणजे त्याचे कान गेल्यापासून. त्याच्या पाठीशी बोलायचं. मोठ्याने नाही, साध्या आवाजात. आधी तक्रारी निघाल्या, कितीतरी जुन्या, मागच्या मागे सांगून टाकलेल्या. आणि मग तक्रारी संपल्यावर भलतंच निघायला लागलं. तुम्ही आज बरे दिसता. काल तुम्ही जेवला नाहीत तर मला घास गेला नाही. तो विरुद्ध बाजूला बघत चहा पीत असायचा. एरवी ज्या बाईने नवऱ्याला अहो, ऐकलंत का, यापलीकडे हाक मारली नाही, ती रोज पहाटे त्या मफलर काढलेल्या मानेशी बोलायची, आणि कोणी आपलं ऐकत नाही याचं सुख काय असतं ते तिला कळायचं. दुःखही तेच.

"तुम्हीच होतात ना?" ती म्हणाली.

मान हलली नाही.

"त्या झाडामागे. भिकाजी नव्हता ना? तुम्हीच होतात."

"काय गं वनमाला, कोणाशी बोलतेस?" भिंतीपलीकडून मंजुळाचं डोकं वर आलं. दात घासायचं तिचं बोट तसंच तोंडाशी होतं. वनमाला दचकली, कपातला चहा बशीत सांडला.

"कोणाशी नाही. यांना चहा देतेय."

"मग ओरडून सांग ना. तसं काय ऐकू जाणारेय त्यांना?" मंजुळा हसली आणि चूळ भरायला खाली गेली.

ओरडून. तेच तर होतं. अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात, तबेल्यातल्या भय्यालाही कळेल अशा आवाजात विचारायचं, की माझ्यासाठी पावसात उभे राहून कोकिळा झालेले तुम्हीच का. ज्या वर्षांत ते कुजबुजून विचारता आलं असतं ती वर्षं मी व्रत सांभाळत घालवली. तिला एकदम वाटलं, व्रत तर कधीच मोडलं होतं, पहिल्याच दिवशी, खोट्या कोकिळेवर गुळाचा खडा खाल्ला तेव्हाच. आणि त्याचं हे फळ आलंय — आयुष्य त्याचं राहिलं, कान गेले. मग स्वतःचाच राग आला. कान साच्यांनी नेले. देवाला एवढा हिशेब ठेवायला वेळ नसतो.

ती पुढे झाली. दगडाला वळसा घालून त्याच्या समोर गेली आणि चहा त्याच्या हातात दिला. आता बऱ्यापैकी उजाडलं होतं. त्याच्या गालावरची पांढरी खुरटी दाढी दिसत होती, भुवईत अडकलेला कसलासा धागा दिसत होता. म्हणजे माझंही तोंड त्यांना दिसत असणार... हे तिच्या मनात आलं. ओरडायची गरजच नव्हती. आवाज काढायचीच गरज नव्हती. साचेखात्यात बोलतात तसं नुसते ओठ हलवायचे. मंजुळाला कळणार नाही, वसुधाला कळणार नाही, भरल्या चाळीच्या मधोमध उभं राहून जगातली सगळ्यात लपवलेली गोष्ट विचारता येईल. इतकी वर्षं हे माझ्यापाशी होतं आणि मी पाठीशी बोलत बसले!

त्याने वर बघितलं, नेहमीसारखं तिच्या तोंडाकडे. ती काहीतरी बोलणार आहे हे त्याला कळलं होतं. तो थांबला होता. चहा तसाच हातात. त्याच्या त्या थांबण्याकडे बघताना तिला एकदम दिसलं की आपण विचारलं तर तो उत्तर देईल. हो म्हणेल किंवा नाही म्हणेल. तो खोटं बोलणारा माणूस नाही. नाही म्हणाला तर उद्यापासून मी या दगडाशी कोणाच्या पाठीशी उभी राहणार?

आणि तेवढ्यात जांभळात कोकीळ ओरडला.

अर्धाच. घसा साफ केल्यासारखा. मग थांबला, मग पुन्हा, जरा वर, आणि मग अचानक पुरा, सगळ्या पाखरांवरून चढत, चढत... तिचे डोळे आपोआप झाडाकडे गेले. दाट काळसर पानांत काही दिसत नव्हतं. ती ऐकत राहिली, अंगभर ऐकत राहिली, भिकाजी गेला का बघत. गेला होता? खाली काही होतं का? काही कळत नव्हतं, नुसता हा आजचा आवाज होता, ताजा, कोणासाठीच नसलेला.

"बोलता काय गो?" जयवंत म्हणाला. बहिऱ्या माणसाच्या बेसुमार मोठ्या आवाजात. साळुंक्या उडाल्या.

तिने खाली बघितलं. तो झाडाकडे नाही, तिच्याकडेच बघत होता. तिची नजर वर गेलेली त्याला दिसली होती, त्यावरून कोकिळा बोलतेय हे त्याने ओळखलं होतं. चेहऱ्यावर कसलं तरी धडपडणं होतं — कानांनी नाही तर डोळ्यांनी, डोळ्यांनी नाही तर कातडीने ऐकू बघणाऱ्या माणसाचं. माका ऐकू येता, असं नेहमी म्हणणारा हा माणूस तिला विचारत होता. पहिल्यांदाच विचारत होता. हातातल्या कान तुटलेल्या कपातून वाफ जात होती आणि चहाला त्याने ओठ लावला नव्हता.

हो, म्हणून तिने मान हलवली असती तर पुरलं असतं.

तिने ओठ गोल केले. आवाज काढला नाही. वर झाडात तो ओरडत होता, त्याच्या बरोबरीने, त्याच्या चढण्याबरोबर चढत, तिने नुसत्या तोंडाने कू केलं — एकदा, मग पुन्हा. भिंतीपलीकडे मंजुळा बादली आपटत होती. कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, या बाईला झालंय काय. लाजेने तिचे कान तापले, डोळ्यांत पाणी आलं, पण ती थांबली नाही. त्याला दिसेल असं, हळू, पुरं, शेवटपर्यंत.

जयवंत तिच्या तोंडाकडे बघत होता. आणि बघता बघता त्याचेही ओठ पुढे आले, गोल झाले, जसं बाळाला भरवताना आईचं तोंड आपोआप उघडतं. आवाज नव्हता. शेवटी, जिथे तो जुना आवाज फाटायचा तिथे, ओठांचा एक कोपरा जरासा वाकडा झाला... की तिला तसं वाटलं? तिच्या तोंडाचं बघून झाला असेल. माझेही ओठ तिथे तसेच वाकडे झाले असतील. इतकी वर्षं आठवून आठवून झाले असतील. हे आठवणं होतं की नुसतं बघून केलेलं, ते ती सांगू शकली नसती, आणि विचारायचं तिच्या मनातही आलं नाही.

मग त्याने मान खाली घातली आणि चहाचा पहिला घोट घेतला.

ती तिथेच उभी राहिली. कोकीळ थांबला होता. आता तो उद्या ओरडेल किंवा नाही ओरडणार. सुरुवातीचे दिवस असे असतात, त्याचा भरवसा धरता येत नाही. नाही ओरडला तर काय करायचं ते तिला ठाऊक होतं. फक्त उद्यापासून चहा घेऊन त्यांच्या पाठीमागे उभं राहायचं नाही, समोर यायचं, आणि त्यासाठी उजाडायची वाट बघावी लागेल. भूक लागल्यासारखं तिला वाटलं, तिन्हीत्रिकाळ उपाशी राहिल्यावर लागते तशी, आणि ती कपाकडे बघत राहिली, तो तळाशी घोटभर ठेवतो की काय म्हणून.